मिनिटाला वीस फेरे

कातला तेव्हा गोल होता हा वाडगा.
ओलं सिकमोर, हात ठेवला तर गार लागणारं.
कंपास लावून पाहिला होता मी.
मग त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत
पाच महिने ठेवला, शेगडीपासून लांब,
आणि वाळता वाळता त्याने मनातलं सांगून टाकलं.
एका अंगाने आकसला,
दुसऱ्या अंगाने हटून बसला.
आता चॅपलच्या मागच्या बाकावर
मिसेस गेथिन बसतात तसा
जरासा कलून, आणि त्याबद्दल काही न बोलता.

जोरात फिरवला की मात्र लबाडी करतो.
पाचशेच्या वेगात दिसतो गोलच,
काठाला फक्त एक धूसर झालर.
पॉलिश पेपर टेकवावा, तर
उंचवटे तेवढे टक् टक् टक् भेटून जातात,
खोलगट अंगाला कुणी विचारत नाही.
बोटं भाजतात,
ऐंशी नंबरचे ओरखडे जिथल्या तिथे.

वडिलांच्या लेथचा सगळ्यात खालचा पट्टा दोनशे साठचा.
त्याखाली जायची त्यांना कधी गरजच पडली नाही.
कोरडं लाकूड, दिवसाला तीस वाडगे,
वाकडा निघाला तो चुलीत.
लहानपणी आमचं सूप
त्या वाकड्यांवर उकळायचं.

ट्रेगारॉनच्या भंगारात, कंबरभर चिखलकाट्यात,
मेलेल्या दूधगाडीची वायपरची मोटर मिळाली.
हेद्विनने चार पौंड घेतले
आणि तारांचं जुनं भेंडोळंही दिलं.
म्हणाला, जन्मभर पाऊस पुसला हिने,
आता काय पुसायला नेतेस?

ट्रॅक्टरची बॅटरी, सायकलची साखळी,
साखळीला गळ्यातल्या कफासारखा आवाज.
आणि वाडगा फिरला.
फिरला म्हणजे काय,
कूस बदलावी तसा.

मिनिटाला वीस.
गाठ येते. तिच्या कडेचा तपकिरी डाग येतो.
मग बराच वेळ नुसतं पांढरं माळरान.
पुन्हा गाठ.
हात आपोआप वर जातो, खाली येतो,
काठ जिथे दूर पळतो तिथे मागे जातो.
मी काही करत नाही, फक्त पेपर सोडत नाही.
एकशे वीस. एकशे ऐंशी. दोनशे चाळीस.
मधे ओलं फडकं, आडवे झालेले तंतू उठून बसावेत म्हणून;
तारा उलट्या जोडायच्या, की उलटा फिरतो,
आणि उठून बसलेले बेसावध सापडतात.

वडील आले दाराशी, चहाचा मग धरून.
बराच वेळ पाहिलं.
"हे कातकाम नाही," म्हणाले, "हे मेंढीची तंगडी भाजणं आहे."
मग आत आले.
मग मग ठेवला, भुशावरच.
मग न विचारता माझ्या हातातला पेपर घेतला,
आणि त्यांचा हात, चाळीस वर्षं सरळ राहिलेला,
पहिल्या फेऱ्याला अडखळला,
दुसऱ्याला अडखळला,
तिसऱ्याला मी बाहेर बघत होते,
टेकडीवरून ढग खाली सरकत होता.

चहा निवला. त्यावर बारीक भुशाची साय.
कितीतरी वेळाने म्हणाले,
"एक होता असाच. ॲशचा. तुझ्या आईला आवडला होता."
पुढचं बोलले नाहीत. मीही
चुलीबद्दल विचारलं नाही.

बटण बंद केलं तरी ही मोटर लगेच थांबत नाही.
काचेच्या मधोमध मरायचं नाही, कडेला जाऊन टेकायचं,
एवढं एक वळण तिच्या अंगात राहिलंय.
उरलेला फेरा पुरा करते, मग गप्प.
वाडगा मात्र कुठेही थांबतो.
आज गाठ खाली होती,
आणि वडिलांचा अंगठा अजून काठावर.